परातीशेजारचे पुस्तक

आपल्या समाजात पुस्तक नसलेले घर सहसा सापडत नाही. दहा बाय बाराची खोली असो की दोन खोल्यांचे घर, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर यांच्या खालच्या फळीवर चार-सहा पुस्तके असतातच. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेला माणूस शिवाजी पार्कवरून रिकाम्या हाताने परतत नाही. 14 एप्रिल असो, नागपूरची दीक्षाभूमी असो, नाहीतर 1 जानेवारीचे भीमा कोरेगाव असो, जिथे आपली माणसे जमतात तिथे पुस्तकांची दुकाने लागतात आणि ती चालतात. दिवसभर रांगेत उभे राहून, वडापाववर भूक भागवून, परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्या पैशांत पुस्तक घेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ही गोष्ट अभिमानाची आहे.

परंतु पुस्तक घरात येणे वेगळे आणि ते उघडले जाणे वेगळे. उघडले जात असेल तर ते कोणाच्या हातात उघडते, हा त्याच्याही पुढचा प्रश्न. मुलगा परीक्षेसाठी उघडतो. कर्ता पुरुष भाषणाच्या तयारीसाठी उघडतो. फळीवरची धूळ पुसताना ते पुस्तक रोज हातात धरणारी बाई ते केव्हा उघडते? आज याच प्रश्नावर वाचकांशी बोलायचे आहे.

बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम सांगताना आपण 'राजगृहा'पासून सुरुवात करतो. दादरच्या हिंदू कॉलनीत केवळ माणसांसाठी नव्हे तर पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस, हे वर्णन खरेच आहे. पण कामगाराच्या घराला जास्त जवळची वाटावी अशी खोली त्याच्या कितीतरी आधीची आहे. परळच्या चाळीतली ती एकच खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच सरपण, तिच्यातच भांडीकुंडी आणि तिच्यातच सर्वांची झोप. अभ्यासाला जागा नव्हती म्हणून सुभेदार रामजींनी वेळ वाटून घेतली. रात्री दोन वाजेपर्यंत ते स्वतः जागे राहात, मग भीमाला उठवत. मुलगा दिव्यापाशी अभ्यासाला बसे आणि वडील झोपत. कारखान्यात पाळी असते तशी ती झोपेची पाळी होती.

मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले तर सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडून उसने घेत, कधी तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. ही हकिकत आपण भाषणांतून अनेकदा ऐकली आहे. ऐकताना आपले लक्ष पुस्तकाकडे असते. थोडे लक्ष त्या दागिन्याकडेही द्यायला हवे. बहिणीच्या अंगावरचा दागिना उतरला तेव्हा भावाच्या हातात पुस्तक आले. पुढे बाबासाहेब लंडनला गेले, दिवसभर ग्रंथालयात बसले आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड खाऊन पुन्हा वाचत राहिले. तेव्हा इकडे रमाई काटकसरीने संसाराचा गाडा ओढत होत्या. म्हणजे आपल्या समाजाच्या पहिल्या मोठ्या वाचनामागे घरातल्या बायकांचा हात आहे. त्या हातांत आपण पुस्तक किती दिले, याचा हिशेब मांडायची वेळ आली आहे.

पाळी, डबा आणि वाचन

आमचे दिघी पूर्वी गाव होते. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आळंदीहून पुण्याकडे निघणारी पालखी ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्यावर ते आहे. एका बाजूला लष्कराच्या जागा, दुसरीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत, आणि आणखी पुढे चाकण. इथे राहणारा माणूस बहुधा दुसरीकडून आलेला. कोणी धाराशिवचा, कोणी यवतमाळचा, कोणी माण-खटावचा, कोणी जळगावकडचा. पहिल्या पाळीचा माणूस उजाडायच्या आत घराबाहेर पडतो, रात्रपाळीचा उजाडल्यावर घरी येतो. एकाच घरात बाप रात्रपाळीला आणि मुलगा पहिल्या पाळीला असला की चूल चोवीस तासांत केव्हा थंड होते ते सांगता येत नाही.

आता विचार करा. पुरुषाला पाळी असते, म्हणून त्याला पाळी सुटण्याची वेळही असते. आठ तास संपले की तो मोकळा. बाईची पाळी सुटते केव्हा? पहाटे पाचला डबा, नंतर पाणी, मग मुलांची शाळा. ती स्वतः कामाला जात असेल तर तिचे आठ तास वेगळे, आणि परतल्यावर पुन्हा परात पुढे. तिला वाचायला कोणी मनाई केलेली नसते. 'वाच की, कोण नको म्हणतंय?' असे म्हणणारे नवरे वस्तीत पुष्कळ आहेत. पण नको न म्हणणे म्हणजे वेळ देणे नव्हे.

पुडीच्या कागदावरची वाचक

या ठिकाणी बेबीताई कांबळे यांची आठवण होते. 1929 साली जन्मलेल्या बेबीताई फलटणच्या. शिक्षण जेमतेम, लग्न लहानपणीच झालेले. घर चालावे म्हणून नवरा-बायकोने छोटा धंदा सुरू केला. आधी सुटी द्राक्षे विकली, मग भाजीपाला, मग किराणा. किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागते. बेबीताई त्या रद्दीतले वर्तमानपत्राचे कागद वाचू लागल्या. पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी कागदावरचा मजकूर त्यांच्या डोळ्यांखालून जाई. पुढे त्या पुस्तकेही मिळवून वाचू लागल्या.

वाचता वाचता त्या लिहू लागल्या. नवरा माल आणायला गेला की दुकानात बसून लिहायचे आणि तो यायच्या आत वह्या लपवून ठेवायच्या. बाईने लिहिलेले घरात खपणार नाही, ही भीती होती. अशी वीसेक वर्षे ते लिखाण लपून राहिले. फलटणला राहून शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा पत्ता लागला. त्यांच्या आग्रहाने ते बाहेर आले, 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले गेले आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. 2008 साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. आज देशोदेशीच्या विद्यापीठांत ते वाचले जाते. बेबीताई 2012 साली गेल्या. निंबुरे येथे त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली.

ज्या बाईची वाचनाची सुरुवात मिठा-तेलाच्या दुकानातल्या रद्दीवर झाली, तिच्यामुळे महारवाड्यातल्या चुलीची, भुकेची, बाळंतिणीची आणि सासुरवाशिणीची हकिकत जगाला कळली. तिला मोकळेपणी वाचायला मिळाले असते तर? आणि तिने लपूनही वाचले नसते तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ती सारी हकिकत तिच्याबरोबरच संपली असती.

आज किराण्याची पुडीदेखील प्लॅस्टिकची झाली. रद्दीतले वाचन गेले. हातात मोबाईल आला, पण त्यावर येते ते दुसऱ्याने पाठवलेले. म्हणून घरात वाचनासाठी ठरवून वेळ काढावी लागते.

आमच्या घरचा प्रयोग

माझी आई कळंबकडची. तिला सही येते, त्यापुढे अक्षरांशी संबंध आला नाही. घरची मंडळी यवतमाळकडच्या. मुलगी नववीत आहे, मुलगा आयटीआयला. संध्याकाळी घरात सर्वांनी एका ठिकाणी असण्याची एकच वेळ, ती म्हणजे भाकरी थापायची. म्हणून आम्ही असे ठरवले की मुलीने त्या वेळी परातीशेजारी बसून रोज चार पाने मोठ्याने वाचायची. तव्यावरची भाकर फुगेपर्यंत एक परिच्छेद होतो. हात पिठात असले तरी कान मोकळे असतात.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की वाचनापेक्षा बोलणेच जास्त होत आहे. पुस्तकात 'कोरड्यास' हा शब्द आला. मुलगी थांबली. आई म्हणाली, "अगं, भाकरीसंगं खायाला जे करत्यात ते कोरड्यास. कोरडी भाकर घशाखाली उतरंना, म्हणून." सौभाग्यवतींच्या माहेरी हा शब्द नाही. त्यांनी पातोडीच्या रश्शाची गोष्ट काढली, ती आईला ठाऊक नव्हती. शेजारच्या वहिनी जळगावकडच्या. त्या पीठ मागायला आल्या आणि कळण्याच्या भाकरीबद्दल सांगून गेल्या. ज्वारीत उडीद घालून दळलेले ते कळणा, त्यासोबत मिरचीचा ठेचा. माणकडच्या एक मावशी हुलग्याच्या माडग्याची आठवण काढतात. आजारी माणसाला आणि पावसात भिजून आलेल्याला ते देत. एका गल्लीत चार जिल्ह्यांची जेवणे आहेत. पण कंपनीच्या कँटीनमध्ये सर्वांना एकच पोळी-भाजी मिळते आणि मुलांना तेवढीच नावे माहीत होतात.

शब्द एकटा जात नाही. 'माडगं' गेले की हुलगा कशासाठी पेरत, जात्यावर कोण दळत असे, पातळ पेजेत घर कसे निभावून नेत, हे सर्व त्याच्याबरोबर जाते. कण्या, आंबील, घाटा, तांदुळजा, पाथरी हे शब्द आईच्या तोंडी सहज येतात. माझ्या मुलीच्या तोंडी ते आता पुस्तकामुळे आणि आजीमुळे आले आहेत. पुस्तकाने प्रश्न उभा केला आणि उत्तर आजीकडे सापडले. अक्षर न येणारी माझी आई या वाचनात सर्वांत महत्त्वाची झाली, ही या प्रयोगाची खरी कमाई आहे.

एक अवघड शब्द

त्यानंतर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' घरात आले. 2015 साली निघालेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद आहे. 2024 साली ते इंग्रजीतही आले. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत ज्यांना जागा नव्हती त्यांच्या ताटात काय होते, हे त्यात पदार्थांसह सांगितले आहे. पाटोळे मूळचे धाराशिव जिल्ह्याचे, त्यामुळे आईला त्यातले बरेचसे ओळखीचे वाटले.

एका संध्याकाळी मुलीने वाचता वाचता विचारले, "आजी, चान्या म्हणजे काय गं?"

आई गप्प झाली. मंडळी म्हणाल्या, "जेवणाच्या वेळी नको ते." मुलगा मान खाली घालून ऐकत होता. थोड्या वेळाने आईच बोलली, "का नको? मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या. पावसाळ्यात घरात काय नसायचं, तवा त्या काढायच्या. मी ल्हान हुते तवा म्हाताऱ्या माणसांकडनं ऐकलंय. भूक हुती म्हणून हुत्या. आपण काय कुणाची चोरी केली न्हवती. बाबासाहेबांनी सांगितलं आन् लोकांनी सोडल्या."

हा प्रसंग अनेक घरांत घडण्यासारखा आहे, म्हणून तो येथे दिला. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे कळकळीने सांगितले. लोकांनी ते ऐकले. गावोगावी उपासमार पत्करून ऐकले. ती आपल्या आजी-आजोबांची थोर लढाई आहे. पण ज्या गोष्टीचा त्याग केला तिचे नावच मुलांना माहीत नसेल, तर त्यागाची किंमत त्यांना कशी कळणार? पदार्थ सोडणे योग्यच होते. मात्र शब्द लपवला तर लाज आपल्याच पदरात राहते. ती लाज आपली नाही. ज्या व्यवस्थेने माणसाला मेलेल्या जनावरावर जगायला लावले, लाज तिची आहे. माझ्या आईने हे एका वाक्यात सांगितले आणि भाकर तव्यावर टाकली.

काही बांधव म्हणतील, कशाला जुन्या जखमा उकरता? मुलांनी पुढचे पाहावे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. शाळेत डब्यावरून कोणी टोमणा मारला तर त्या मुलाला काय वाटते ते आपल्याला माहीत आहे. पण ज्या मुलाने आजीच्या तोंडून सगळे ऐकलेले असते, ते टोमण्याने खचत नाही. त्याच्याजवळ उत्तर असते. ज्याला घरात काही सांगितलेलेच नसते, त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या भाषेत ऐकावे लागते.

ऐकणे पुरेसे नाही

आमच्या प्रयोगात एक उणीव राहात होती. मुलगी वाचत होती, आई सांगत होती, मंडळी भाकरी थापत होत्या. म्हणजे पुस्तक परातीशेजारी आले तरी परात जिच्यापुढे होती तिच्यापुढेच राहिली. बारावी झालेल्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याने वाचलेलेच ऐकावे काय? तेव्हा घरात दुसरा ठराव झाला. बुधवार आणि रविवार भाकरी मुलाने आणि मी करायच्या. मुलाच्या भाकरीचे नकाशे आधी कोणत्याही राज्याचे होत. आता त्या बऱ्यापैकी गोल येतात, आणि चाकणला नोकरी लागून खोली घेऊन राहावे लागले तरी त्याचे अडणार नाही. त्या दोन संध्याकाळी मंडळींनी उंबऱ्याशी बसून स्वतः पुस्तक हातात घेऊन वाचायचे. सध्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' सुरू आहे. 2003 सालचे ते पुस्तक. कोकणातल्या आईने बांबूची सुपे-टोपल्या विणून मुलांना शिकवले, त्या घरातली ही लेखिका. 'आमच्याकडंही आजी असंच पोटासाठी राबायची' असे म्हणत त्या पुस्तक मिटतात, पानात खुणेला बसचे तिकीट ठेवतात आणि उठतात.

यात खर्च काही नाही. लागते ती घरातल्या पुरुषाची थोडी तयारी.

विहारात काय करता येईल

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर राबून आलेली माणसे शांतपणे बसून एक आख्खा ग्रंथ ऐकतात, ही मोठी गोष्ट आहे. या सभेत बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आपल्या माता-भगिनी असतात. वाचायला मात्र बहुतेक वेळा एखादा बंधू किंवा तरुण मुलगा बसतो. हे बदलणे अवघड नाही. रोज एका भगिनीने दोन पाने वाचावीत. अडखळली तरी चालेल. अडखळतच वाचन येते.

दुसरी गोष्ट ग्रंथालयाची. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना त्यातून अनुदान मिळते. जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरताना सभासद म्हणून घरातल्या बाईचे नाव घालावे. पुस्तक बदलायला तिने स्वतः जावे. कपाटापुढे उभे राहून आपल्याला काय वाचायचे ते स्वतः निवडणे, हेसुद्धा वाचनच आहे.

तिसरी गोष्ट वहीची. दोनशे पानी वही घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडी येणारा, पण मुलांना न कळणारा शब्द तीत लिहावा. पुढे पदार्थ कसा करतात, कोणत्या गावी करतात आणि तो कोणी सांगितला, एवढे लिहिले की झाले. ज्यांच्या मोबाईलवर इंटरनेट आहे त्यांनी तोच शब्द दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त शोधून पाहावा. 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला हा कोश आता फुकट पाहता येतो. शब्द सापडला तर मुलांना मौज वाटेल. नाही सापडला तर आपल्या वहीची किंमत आणखी वाढली असे समजावे.

आमच्या वहीत आजपर्यंत एकशे बारा शब्द झाले आहेत. त्यांतले एकोणसत्तर आईचे आहेत. तिची उमर झाली आहे, गुडघे दुखतात, दम लागतो. ती रोज एखादा शब्द देते. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गल्लीत अशी एखादी आजी दारात बसलेली आहे. तिच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. पुस्तक घेऊन जा, म्हणजे विचारायला निमित्त होईल. आणि जाताना घरातली परात दुसऱ्या कोणाच्या तरी पुढे ठेवून जा.